दाब वाढला की अणू जागा का बदलतात? हाय प्रेशर आणि इंटरमेटॅलिक कंपाउंड

घरातल्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीचं जे सेक्शन असतं ना, ते बहुतेक वेळा ६०६३ नावाच्या ग्रेडचं असतं, आणि त्यात ॲल्युमिनियमबरोबर थोडं मॅग्नेशियम आणि थोडं सिलिकॉन मुद्दाम घातलेलं असतं. का घालतात, तर नुसतं शुद्ध ॲल्युमिनियम फार मऊ. सेक्शन एक्स्ट्रूड करून झालं की ते काही तास दोनशे डिग्रीच्या आतबाहेर भट्टीत ठेवतात, तेव्हा आतमध्ये मॅग्नेशियम-सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात, हे कण धातूच्या थरांना एकमेकांवरून सहज घसरू देत नाहीत आणि सेक्शन कडक होतं. हे कण रूप बदलत बदलत शेवटी ज्या स्थिर अवस्थेला पोचतात ती म्हणजे मॅग्नेशियम सिलिसाइड, दोन मॅग्नेशियमला एक सिलिकॉन. हाय प्रेशरखाली क्रिस्टल स्ट्रक्चर, म्हणजे अणूंची ठरावीक मांडणी, कशी बदलते हे समजायला याच्याइतकं स्वच्छ उदाहरण मला तरी दुसरं माहीत नाही, म्हणून सुरुवात याच्यापासून.

आधी इंटरमेटॅलिक म्हणजे काय ते पटकन बघू. साधा मिश्रधातू, म्हणजे अलॉय, घेतला तर त्यात दोन धातूंचे अणू एकाच जाळीत कुठेही बसलेले असतात, इथे तांब्याचा, तिथे निकेलचा, पुढचा कोणता येईल सांगता येत नाही. इंटरमेटॅलिकमध्ये तसं नाही, तिथे कोणता अणू कुठे बसणार हे ठरलेलं असतं आणि प्रमाणही ठरलेलं असतं, एकास एक, दोनास एक, तीनास एक असं. या शिस्तीमुळे त्यांचे गुणही मूळ धातूंपेक्षा पार वेगळे निघतात, दोन मऊ, वाकणारे धातू मिळून काचेसारखं तडकणारं काहीतरी तयार होतं. (सिलिकॉन हा अगदी धातू नाही, मान्य, पण मॅग्नेशियम सिलिसाइडला या घरात जागा द्यायची पद्धत आहे, तेव्हा वाद नको.)

आता मॅग्नेशियम सिलिसाइडच्या आत डोकावू. एक घन कल्पनेत आणा, ज्याची बाजू ६.३५ अँगस्ट्रॉम आहे, म्हणजे एक मिलिमीटरमध्ये असे पंधरा लाखांहून जास्त घन ओळीने मावतील. घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि सहा बाजूंच्या मधोमध सिलिकॉन. आतमध्ये मॅग्नेशियमचे आठ अणू, तेही एका छोट्या घनाच्या आठ कोपऱ्यांवर असल्यासारखे. मोजलं तर प्रत्येक सिलिकॉनला आठ मॅग्नेशियम शेजारी मिळतात आणि प्रत्येक मॅग्नेशियमला चार सिलिकॉन. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, या मोठ्या घनाच्या अगदी मध्यभागी कोणीच नाही. जागा मोकळी आहे. आठ मॅग्नेशियम तिच्याभोवती उभे आहेत आणि मधे पोकळी. ही पोकळी लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर आहे.

साध्या हवेच्या दाबाला ही पोकळी परवडते. कारण अणूंना त्या मांडणीत इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण नीट करता येते, मॅग्नेशियम आपले बाहेरचे दोन-दोन इलेक्ट्रॉन जवळजवळ देऊन टाकतो, सिलिकॉनचं बाहेरचं कवच भरतं, सगळे खूश. आता याला दाबायला सुरुवात केली की काय होतं? आधी काही दिसण्यासारखं होत नाही, घन नुसता लहान लहान होत जातो, आकार तोच. मग साधारण साडेसात गिगापास्कलच्या आसपास तो घन राहायचं सोडतो आणि अणू एकदम वेगळ्याच, कमी सिमेट्रीच्या, ऑर्थोऱ्हॉम्बिक (कोन काटकोनच, पण तिन्ही बाजू वेगळ्या मापाच्या) मांडणीत जाऊन बसतात, जिथे प्रत्येक सिलिकॉनला आठऐवजी नऊ मॅग्नेशियम शेजारी असतात. अजून दाबत राहिलं की २१ गिगापास्कलच्या आसपास परत उलथापालथ, आता मांडणी षट्कोनी, आणि शेजारी अकरा. आठ, नऊ, अकरा. मधली पोकळी संपली.

गिगापास्कल म्हणजे किती याचा अंदाज नसेल तर सांगतो. एक गिगापास्कल म्हणजे ढोबळमानाने दहा हजार वातावरणं. समुद्रातली सगळ्यात खोल जागा, मारियाना ट्रेंच, तिथे तळाशी दाब ०.११ गिगापास्कलच्या आसपास. म्हणजे साडेसात गिगापास्कल म्हणजे त्याच्या जवळजवळ सत्तर पट. आणि पृथ्वीच्या केंद्रात साधारण ३६० गिगापास्कल. तेव्हा विश्वाच्या हिशोबात आपण ज्याला नॉर्मल म्हणतो तो एक वातावरणाचा दाब हीच खरी विचित्र परिस्थिती आहे, आपल्या पुस्तकांतली केमिस्ट्री मात्र बहुतेक सगळी तिथलीच.

बरं, पण अणू जागा बदलतातच का? नुसते जवळ जवळ येत राहिले तर काय बिघडतं? याचं उत्तर एका छोट्या हिशोबात आहे आणि तो हिशोब टाळून पुढे गेलं तर सगळं जादूसारखं वाटतं. कुठलाही पदार्थ कोणती मांडणी निवडणार हे तीन गोष्टींच्या बेरीज-वजाबाकीवर ठरतं: बंधांची ऊर्जा, तापमानामुळे येणारी अस्ताव्यस्तता, आणि दाब गुणिले आकारमान. शेवटची गोष्ट आपण शाळा-कॉलेजमध्ये जवळपास सोडूनच देतो, कारण एक वातावरणाला तिची किंमत नगण्य असते. समजा दोन मांडण्यांच्या आकारमानात एका मोलमागे एक घन सेंटिमीटरचा फरक आहे, तर एक वातावरणाला त्यातून ऊर्जेचा फरक पडतो ०.१ ज्यूल. काहीच नाही. तोच फरक एक गिगापास्कलला होतो एक किलोज्यूल. दहा गिगापास्कलला दहा किलोज्यूल. शंभरला शंभर किलोज्यूल, आणि इथे आपण थेट रासायनिक बंधांच्या ऊर्जेच्या रांगेत येऊन बसलो. खोलीच्या तापमानाला उष्णतेची जी हालचाल असते तिची किंमत मोलमागे अडीच किलोज्यूलच्या आसपास, म्हणजे दाबाने तिला कधीच मागे टाकलेलं असतं. तेव्हा जी मांडणी एरवी बंधांच्या दृष्टीने दुय्यम होती पण जागा कमी खाते, ती एका ठरावीक दाबानंतर स्वस्त पडायला लागते आणि पदार्थ तिकडे उडी मारतो.

जागा कमी खायची तर सगळ्यात सरळ उपाय म्हणजे शेजारी वाढवणं. मुंबईच्या लोकलमध्ये तीन जणांच्या बाकावर गर्दी झाली की "जरा सरका" म्हणत चौथा येऊन टेकतो, ती जी फोर्थ सीट, तसंच काहीसं. कमी गर्दीत कोणी असं बसणार नाही, पण दादरपर्यंत गर्दी वाढली की तीच व्यवस्था सगळ्यांना मान्य होते.

फक्त ही उपमा एका ठिकाणी सपशेल पडते, आणि जिथे पडते तिथेच खरी गंमत आहे. फोर्थ सीट बसली की शेजाऱ्यांमधलं अंतर कमी होतं. अणूंच्या बाबतीत उलटं होतं! शेजाऱ्यांची संख्या वाढली की सगळ्यात जवळच्या शेजाऱ्याचं अंतर बहुतेक वेळा वाढतं. म्हणजे तुम्ही पदार्थ दाबताय, तो आकसतोय, घनता वाढतेय, आणि त्याच क्षणी त्यातले बंध मात्र लांब झालेत. विचित्र वाटतं पण हिशोब बरोबर आहे, कारण तेवढेच इलेक्ट्रॉन आता जास्त शेजाऱ्यांत वाटायचे आहेत, प्रत्येक बंध थोडा ढिला पडतो, पण मधल्या पोकळ्या भरल्या गेल्यामुळे एकूण जागा वाचते. सिलिकॉनमध्येही हेच, चार शेजाऱ्यांची हिऱ्यासारखी मांडणी सोडून ११-१२ गिगापास्कलला तो सहा शेजाऱ्यांच्या मांडणीत जातो, बंध लांबतात आणि आकारमान मात्र एकदम घटतं. या विषयातले लोक याला प्रेशर-डिस्टन्स पॅराडॉक्स म्हणतात, पहिल्यांदा वाचलं की हमखास वाटतं काहीतरी छपाईची चूक असणार.

शेजारी वाढायचं आणखी एक उदाहरण पटकन, कारण ते पायाखालचं आहे, अक्षरशः. लोखंड आणि सिलिकॉनचं एकास एक कंपाउंड. साध्या दाबाला त्यात प्रत्येक लोखंडाला सात सिलिकॉन शेजारी, जरा वाकडीतिकडी मांडणी. २४ गिगापास्कलला तापवून दाबलं की आठ शेजाऱ्यांची साधी सरळ मांडणी, घनाच्या कोपऱ्यांवर एक, मधोमध दुसरा. पृथ्वीच्या गाभ्याची घनता शुद्ध लोखंडापेक्षा थोडी कमी भरते, म्हणजे त्यात काहीतरी हलकं मिसळलेलं असणार, आणि त्या संशयितांच्या यादीत सिलिकॉन वरच्या नंबरवर आहे, म्हणून भूशास्त्रवाल्यांना ही मांडणी महत्त्वाची वाटते.

सगळेच काही बदलत नाहीत हेही सांगितलं पाहिजे. निकेल-ॲल्युमिनियम एकास एक घ्या, पंचवीसेक गिगापास्कलपर्यंत दाबलं तरी ढिम्म, तीच मांडणी. ज्यांच्यात आधीच दाटी आहे आणि बंध पक्के आहेत त्यांना घाई नसते.

आता हे करतात कसं? साध्या हायड्रॉलिक प्रेसचं काम नाही. हार्वर्डच्या पर्सी ब्रिजमनने आयुष्यभर हाय प्रेशरची यंत्रं बनवली, टंगस्टन कार्बाइडच्या ऐरणींनी दहा गिगापास्कलच्या आसपास मजल मारली, १९४६ चं फिजिक्सचं नोबेल त्याला त्याबद्दलच मिळालं. पण खरी क्रांती झाली १९५८-५९ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये, डायमंड अँव्हिल सेल. दोन हिरे, टोकं थोडी घासून सपाट केलेली, एकमेकांसमोर, मधे धातूची पातळ पत्री, पत्रीला बारीक भोक, भोकात सॅम्पल. (तिथल्या लोकांना लागणारे हिरे सरकारने स्मगलरांकडून जप्त केलेल्या मालातून मिळाले होते, तस्करीचा माल सायन्सच्या इतका कामी आल्याचं दुसरं उदाहरण शोधावं लागेल.) तत्त्व इतकं साधं की हसू येतं: दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, मग क्षेत्रफळच इतकं कमी करा की बलाची चिंता नको. हिऱ्याचं सपाट टोक ०.३ मिलिमीटर व्यासाचं धरलं तर ५० गिगापास्कलसाठी लागणारं बल होतं साधारण साडेतीन हजार न्यूटन, म्हणजे साडेतीनशे-चारशे किलोचं वजन. चार स्क्रू हाताने पिळून होतं. सगळी वस्तू मुठीत मावते.

हिरा घेण्याचं दुसरं कारण, तो पारदर्शक असतो, प्रकाशालाही आणि एक्स-रेलाही. म्हणून दाबत असतानाच आत बघता येतं. सॅम्पलशेजारी माणकाचा एक कण टाकतात, त्यावर लेझर मारला की तो ६९४ नॅनोमीटरच्या आसपास लाल चमकतो, आणि दाब वाढला की ती रेघ एका गिगापास्कलमागे ०.३६ नॅनोमीटरने सरकते, झाला तुमचा प्रेशर गेज. सत्तरच्या दशकात ही युक्ती बसली आणि हे तंत्र जगभर पसरलं. सॅम्पलभोवती हेलियम, निऑन किंवा मिथेनॉल-इथेनॉलचं मिश्रण भरतात, म्हणजे दाब सगळ्या बाजूंनी सारखा पडतो. हे नीट जमलं नाही तर सॅम्पल एका बाजूने चेपलं जातं आणि मग ट्रांझिशन, म्हणजे मांडणीतला बदल, वेगळ्याच दाबाला दिसतं, दोन लॅबचे आकडे जुळत नाहीत त्याचं निम्मं कारण इथेच असतं.

मग त्या केसाएवढ्या सॅम्पलवर सिंक्रोट्रॉनचा, म्हणजे इलेक्ट्रॉन वेगाने गोल फिरवून प्रखर एक्स-रे काढणाऱ्या प्रचंड यंत्राचा, एक्स-रे सोडतात. ग्रेनोबल, हॅम्बुर्ग, शिकागोजवळची आर्गॉन लॅबोरेटरी, जपानचं स्प्रिंग-८ ही मोठी ठिकाणं, आणि आपल्याकडे इंदूरचं इंडस-२. एक्स-रे क्रिस्टलवरून विखुरतो आणि डिटेक्टरवर गोल गोल रिंगा पडतात, प्रत्येक रिंग म्हणजे अणूंच्या थरांमधलं एक अंतर. दाब वाढला की रिंगा बाहेर सरकतात, कारण अंतरं कमी होतात आणि कोन वाढतो. तोपर्यंत सगळं शांत. जेव्हा एखादी रिंग फुटून दोन होतात, किंवा जिथे काही नव्हतं तिथे नवीन उगवते, तेव्हा समजायचं की मांडणी बदलली. पुष्कळदा जुनी आणि नवी दोन्ही बराच वेळ एकत्र नांदतात, खोलीच्या तापमानाला अणूंना हलायला ताकद पुरत नाही, म्हणून मग लेझरने तापवतात. आणि परत येताना, दाब कमी करताना, तोच बदल जाताना झाला होता त्यापेक्षा कमी दाबाला उलटतो, कधी कधी उलटतच नाही.

इथवर सगळी गोष्ट जागेची होती. पोकळी, शेजारी, दाटी. बऱ्याच लेखांमध्ये विषय इथेच संपवतात आणि मला ते पटत नाही, कारण दाबाचं खरं काम जागेपेक्षा इलेक्ट्रॉनवर जास्त आहे. अणू म्हणजे ठरलेल्या मापाची टणक गोळी नव्हे, त्याचं माप हे त्याच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांच्या वागण्यावर ठरतं, आणि दाबाखाली ते वागणंच बदलतं.

याचं सगळ्यात सौम्य उदाहरण मुंबईतलंच आहे, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातलं. तिथे हाय प्रेशर फिजिक्सचा जुना आणि पक्का ग्रुप आहे, आणि तिथल्या बी. के. गोडवाल, एस. के. सिक्का वगैरे मंडळींनी सोन्याच्या एका कुटुंबावर बरंच काम केलं: सोनं-ॲल्युमिनियम, सोनं-गॅलियम, सोनं-इंडियम, सगळी एकास दोन. सोनं-ॲल्युमिनियम तुम्ही फोटोत पाहिलं असेल, तेच ते जांभळं सोनं. सोनं-इंडियमला निळसर झाक असते. वजनाने बघितलं तर जांभळ्यात सोनं ७८-७९ टक्के, म्हणजे १८ कॅरेटच्या वर, पण त्याची ठुशी घडवायचं मनात आणू नका, हातोडीखाली तुकडे होतील, शेवटी इंटरमेटॅलिक आहे. तर या तिघांची मांडणी भूमितीच्या दृष्टीने आपल्या मॅग्नेशियम सिलिसाइडसारखीच, सोनं सिलिकॉनच्या जागी आणि दुसरा धातू मॅग्नेशियमच्या जागी.

सोनं-इंडियम दाबल्यावर तीनेक गिगापास्कलच्या आसपास एक गोष्ट दिसली, की एक्स-रेमध्ये काहीही बदल नाही, सगळे अणू आपापल्या जागी, पण विजेचा रोध आणि तापमान-फरकाने तयार होणारं व्होल्टेज, यांच्या आलेखात मात्र वळण आलं. कारण इलेक्ट्रॉनांच्या ज्या ऊर्जा-पातळ्या भरलेल्या असतात त्यांची एक सीमा असते, फर्मी सरफेस म्हणतात तिला, आणि दाबाने एखादी रिकामी पट्टी त्या सीमेला येऊन भिडली की त्या पृष्ठभागाचा आकारच बदलतो, नवा कप्पा उघडतो किंवा जुना बंद होतो. याला इलेक्ट्रॉनिक टोपॉलॉजिकल ट्रांझिशन म्हणतात. पुढे आणखी दाब वाढवल्यावर स्ट्रक्चरही बदलतं. म्हणजे इलेक्ट्रॉन आधी हलले, अणू नंतर.

दुसरं उदाहरण जास्त नाट्यमय आहे. गॅडोलिनियम, सिलिकॉन आणि जर्मेनियमचं एक कंपाउंड, पाचास दोनास दोन. १९९७ मध्ये अमेरिकेत आयोवाच्या एम्स लॅबोरेटरीत पेचार्स्की आणि श्नाइडनर यांना दिसलं की चुंबकीय क्षेत्र लावलं-काढलं की हे प्रचंड गरम-थंड होतं, गॅस न वापरता फ्रीज बनवता येईल अशी आशा तेव्हापासून सुरू झाली. याची रचना पाट्यांची आहे, अणूंचे जाड थर एकावर एक, आणि थरांना जोडणाऱ्या सिलिकॉन-जर्मेनियमच्या जोड्या. खोलीच्या तापमानाला निम्म्या जोड्या तुटलेल्या असतात, अंतर साडेतीन अँगस्ट्रॉमच्या आसपास, बंध नाहीच म्हणा ना. आता त्यावर एक-दोन गिगापास्कल द्या, थर एकमेकांवरून किंचित घसरतात आणि तुटलेल्या सगळ्या जोड्या जुळतात, अंतर २.६ वर. मांडणी तिरकसची काटकोनी होते. पण मजा अशी की हाच्या हाच बदल थंड करूनही होतो, चुंबकीय क्षेत्र लावूनही होतो, आणि जर्मेनियम थोडं काढून त्याजागी त्याच्याहून लहान सिलिकॉन घातलं तरी होतो. या शेवटच्या युक्तीला केमिकल प्रेशर म्हणतात, बाहेरून दाबायच्या ऐवजी आतून जागा आखडून टाकायची. प्रॅक्टिकल वापराच्या दृष्टीने मला हीच सगळ्यात कामाची गोष्ट वाटते, कारण फ्रीजमध्ये कोणी हिऱ्यांची ऐरण बसवणार नाही, पण ऐरणीत काय होतं ते कळलं तर कोणत्या अणूऐवजी कोणता घालायचा ते कळतं.

आता सेरियम. हा धातू मुळातच विक्षिप्त. शुद्ध सेरियम नुसता ०.७-०.८ गिगापास्कलला दाबला तर त्याचं आकारमान एका झटक्यात साधारण १५-१६ टक्के घटतं, आणि मांडणी? तीच. आधीही घनाच्या कोपऱ्यांवर आणि बाजूंच्या मध्यावर अणू, नंतरही तसेच. जागा बदलल्या नाहीत, अणूच लहान झाला. कारण सेरियममध्ये एक इलेक्ट्रॉन आतल्या एफ कक्षेत घरकोंबड्यासारखा बसलेला असतो, बंधांत भाग घेत नाही, दाबाने तो बाहेर येतो, शेजाऱ्यांशी बंध करायला लागतो आणि अणू आक्रसतो.

हे इंटरमेटॅलिकमध्ये झालं तर? तीन सेरियमला एक ॲल्युमिनियम असं कंपाउंड आहे, साध्या दाबाला षट्कोनी, नीट शिस्तीचं. सेरियमची त्रिज्या १.८२ अँगस्ट्रॉम, ॲल्युमिनियमची १.४३, पाव भागाहून जास्त फरक. ऑक्सफर्डच्या ह्यूम-रॉदरीचा जुना नियम सांगतो की मापात १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर दोन धातू एकमेकांच्या जागेवर सहज बसणार नाहीत, म्हणजे साधा अलॉय होणार नाही, आणि मेटलर्जीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने हा नियम परीक्षेत लिहिलेला असतो. २००९ मध्ये हे कंपाउंड १५ गिगापास्कलच्या वर दाबून बघितलं तर त्याची शिस्तच मोडली! सेरियम आणि ॲल्युमिनियम एकाच साध्या घनाकार जाळीत कुठेही, मिसळून, ज्याला त्याला मिळेल त्या जागेवर. एफ इलेक्ट्रॉन सुटला, सेरियम आक्रसून ॲल्युमिनियमच्या मापाजवळ आला, इलेक्ट्रॉन ओढण्याच्या ताकदीतला फरकही कमी झाला, आणि नियमाने घातलेली बंदी आपोआप उठली. नियम खोटा नव्हताच, त्यात घालायचे आकडे दाबाबरोबर बदलतात एवढंच. आणि दाब काढल्यावरही ही मिसळण तशीच राहिली, जो या सगळ्यातला माझ्या मते सगळ्यात भारी भाग आहे.

याच दोन धातूंच्या मेटॅलिक ग्लासवर, म्हणजे ज्यात अणूंना काहीच क्रम नसतो अशा धातूवर, पुढे २०११ मध्ये प्रयोग छापून आला, तो २५ गिगापास्कलला थेट एकसंध सिंगल क्रिस्टल झाला. काचेतून क्रिस्टल, न तापवता. म्हणजे शिस्तीतल्या कंपाउंडची शिस्त दाबाने मोडते आणि बेशिस्त काचेला दाबाने शिस्त लागते, दोन्हीच्या मुळाशी तोच सुटलेला एफ इलेक्ट्रॉन.

आता शेवटची पायरी, जिथे मुळात कंपाउंडच नव्हतं. पोटॅशियम आणि चांदी साध्या दाबाला एकत्र येऊन काहीच बनवत नाहीत, पोटॅशियमचा अणू अवाढव्य आणि मऊ, चांदीचा त्यामानाने लहान. पण पोटॅशियम दाबायला फार सोपा असतो, त्याचा बल्क मॉड्युलस, म्हणजे दाबाला विरोध करण्याचं माप, तीनेक गिगापास्कल, लोखंडाचा १७० च्या आसपास आणि हिऱ्याचा ४४० च्या वर, यावरून समजा. दाबल्यावर तो नुसता लहान होत नाही, त्याचा एकुलता एक बाहेरचा इलेक्ट्रॉन एस कक्षा सोडून डी कक्षेसारखा वागायला लागतो, म्हणजे पोटॅशियम ट्रांझिशन मेटलसारखं, लोखंड-निकेलच्या जातीच्या धातूंसारखं, वागायला लागतं. नव्वदच्या दशकात साधारण ६ गिगापास्कलला पोटॅशियम-चांदीची दोनास एक आणि तीनास एक अशी खरीखुरी कंपाउंड मिळाली, निकेलबरोबरही जमलं. पिरिऑडिक टेबलमधली जागा हा अणूचा कायमचा पत्ता असं आपण समजतो, पण तो पत्ता एक वातावरणापुरता आहे. (याच्या उलटही होतं, सोडियम दोनशे गिगापास्कलच्या आसपास धातूपणच सोडून पारदर्शक होतो, त्यामुळे "दाबलं की सगळे धातू होतात" हे वाक्य कुठे वाचलं तर पूर्ण विश्वास ठेवू नका.)

लोखंड आणि बिस्मथ तर याहून फटकून वागणारे, दोघांना वितळवून एकत्र ओतलं तरी मिसळत नाहीत. २०१६ मध्ये नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीच्या लोकांनी ते डायमंड अँव्हिलमध्ये ३० गिगापास्कलला दाबले, लेझरने १५०० केल्विनपर्यंत तापवले, आणि एक लोखंड-दोन बिस्मथचं कंपाउंड मिळालं, या जोडीतलं पहिलंच. ते शोधायचं कारण असं की लोखंडाची फॉस्फरस, आर्सेनिकच्या कुळातल्या मूलद्रव्यांबरोबरची काही कंपाउंड सुपरकंडक्टर, म्हणजे विजेला अजिबात रोध न करणारी, निघाली आहेत आणि त्या कुळात तळाला बिस्मथ बसतो, त्याचाच बंध मिळत नव्हता. बिस्मथ आणि तांब्याचंही असंच, त्यांचं कंपाउंड हाय प्रेशरमध्ये बनलं, ते मात्र दाब काढल्यावर टिकलं आणि दीड केल्विनच्या खाली सुपरकंडक्टर निघालं. लोखंडवालं इतकं दणकट नाही. ३० गिगापास्कलला बनलेलं ते कंपाउंड दाब उतरवत आणला तर ३ गिगापास्कलपर्यंत तग धरतं, त्याच्याखाली नाही. पण ३० वरून ३ म्हणजे उतरणीचा बहुतेक रस्ता झालाच, म्हणून ज्यांनी ते बनवलं त्यांना वाटतं की थंड ठेवून दाब काढला, अणूंना परत हलायला उष्णताच मिळू दिली नाही, तर ते उरलेले ३ गिगापास्कलही उतरून ते हवेच्या दाबापर्यंत आणता येईल.